बृहदांत्रशुद्धीच्या पद्धती आणि त्यांची तुलना : १९७३ ते २०१४

कोलोनोस्कोपी, म्हणजे बृहदांत्राची दुर्बिणीने केली जाणारी तपासणी, आज रुग्णालयांतील नित्याची बाब झाली आहे. या तपासणीचे यशापयश पुष्कळ अंशी ती सुरू होण्यापूर्वीच ठरलेले असते. आतडे मळापासून मोकळे नसेल तर डॉक्टरांचा अनुभव आणि यंत्राची गुणवत्ता ही दोन्ही निरुपयोगी ठरतात. या पूर्वतयारीसाठी गेल्या अर्धशतकात अनेक द्रव्ये सुचविली गेली, आणि त्यांच्या परस्परतुलनेचे विपुल वाङ्मय निर्माण झाले. प्रस्तुत निबंधाचा विषय ती द्रव्ये नसून त्यांची तुलना हा आहे. ती कोणत्या कसोटीवर केली गेली, आणि त्या कसोटीत कशाची गणना होत नव्हती, हे येथे पाहावयाचे आहे. या कालखंडात दोनदा असे घडले की, सोयीत आणि स्वच्छतेत सरस मानली गेलेली पद्धती पुढे धोकादायक म्हणून बाजूला सारावी लागली. दोन्ही वेळा तुलना करणाऱ्यांची निरीक्षणे खोटी नव्हती. त्यांनी जे मोजले ते बरोबरच मोजले होते.

आतडे धुऊन काढण्याची कल्पना अर्थातच प्राचीन आहे. चरकसंहितेच्या कल्पस्थानात विरेचनद्रव्यांचा आणि सिद्धिस्थानात बस्तीचा विस्तृत विचार केलेला आढळतो. सतराव्या शतकातील फ्रान्समध्ये बस्ती देणे इतके सार्वत्रिक होते की, मोलिएरने १६७३ साली आपल्या अखेरच्या नाटकाचा प्रारंभच औषधविक्याचे बिल वाचून दाखवणाऱ्या रोग्यापासून केला. महाराष्ट्रात मुलांना धरून एरंडेल पाजण्याची चाल तर जुन्या पिढीतील अनेकांच्या स्मरणात असेल. विसाव्या शतकाच्या आरंभी पाश्चात्त्य वैद्यकात, साठलेल्या मळातून शरीरात विष भिनते, या मताला बरीच प्रतिष्ठा लाभली होती. १९१९ मध्ये वॉल्टर अल्वारेझ यांनी त्याचा साधार समाचार घेतला. तथापि या सर्व परंपरांत एक गोष्ट समान आहे. त्यांत शोधन हाच उपचार असतो. कोलोनोस्कोपीपूर्वीच्या शोधनाचा हेतू वेगळा आहे. ते केवळ दर्शनाचे साधन होय. उपचार म्हणून दिलेल्या रेचकाचा धोका रोगाच्या धोक्याशी तोलून पाहता येतो. ज्याला कोणतीही व्यथा नाही अशा माणसाला निव्वळ तपासणीसाठी रेचक द्यावयाचे असेल तर दुसऱ्या पारड्यात टाकावयास फारसे काही नसते. म्हणूनच आयुर्वेदातील बस्तीमध्ये आधुनिक पूर्वतयारीचे मूळ शोधण्याचा जो प्रयत्न अधूनमधून होतो, तो फलदायी वाटत नाही.

दुर्बिणीचा इतिहास येथे थोडक्यात सांगणे पुरे आहे. लवचीक काचतंतूंच्या जुडग्यातून प्रतिमा वाहून नेता येते, हे हॅरल्ड हॉपकिन्स आणि पंजाबात जन्मलेले नरिंदरसिंग कपानी यांनी लंडनच्या इंपीरियल कॉलेजात दाखवून दिले व १९५४ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध केले. १९५७ मध्ये बेझिल हिर्शोविट्झ यांनी जठरासाठी तंतुदुर्बीण सिद्ध केली. न्यूयॉर्कच्या बेथ इस्राएल रुग्णालयात विल्यम वुल्फ आणि हिरोमी शिन्या यांनी १९६९ पासून संपूर्ण बृहदांत्र पाहण्याचे, आणि त्याच दुर्बिणीतून तारेचा फास घालून विजेच्या साहाय्याने पॉलिप कापण्याचे तंत्र रूढ केले. पॉलिप म्हणजे आतड्याच्या अस्तरावर वाढणारा अंकुर. त्यांपैकी काहींचे कालांतराने कर्करोगात रूपांतर होते. तेव्हा पॉलिप शोधून काढणे हे या तपासणीचे मुख्य प्रयोजन ठरले. विजेची ठिणगी आतड्याच्या आत जाऊ लागली, ही बाब मात्र पूर्वतयारीच्या दृष्टीने किती महत्त्वाची आहे, हे लक्षात यावयास दहा वर्षे लागली.

आरंभी नवी तपासणी आली तरी तयारी जुनीच राहिली. बेरियमचा एनिमा देऊन बृहदांत्राची क्ष-किरण चित्रे काढण्याची पद्धत पूर्वीपासून होती. तिच्यासाठी रोग्यास दोन-तीन दिवस केवळ पातळ पदार्थांवर ठेवीत, एरंडेल, सोनामुखी किंवा मॅग्नेशियमचे क्षार देत, आणि अखेरीस धुतलेले पाणी स्वच्छ येईपर्यंत एनिमा देत. हाच क्रम कोलोनोस्कोपीने जसाच्या तसा उचलला. त्यात रोग्याचे हाल होत, उपासाने अशक्तपणा येई, आणि परिचारिकांचे कितीतरी तास खर्ची पडत. या त्रासातून सुटका करणारी कोणतीही युक्ती स्वागतार्ह ठरावी, अशीच ही परिस्थिती होती.

पहिली युक्ती १९७३ मध्ये ‘लॅन्सेट’मधून पुढे आली. हेविट व त्यांच्या सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियेपूर्वी संपूर्ण अन्नमार्गच वरून खाली धुऊन काढण्याची पद्धत वर्णन केली. नाकातून जठरात नळी घालून तासाला सुमारे चार लिटर या वेगाने मिठाचे द्रावण सोडावयाचे, आणि गुदद्वारातून स्वच्छ पाणी पडेपर्यंत थांबावयाचे नाही. एकूण द्रावण दहा लिटरच्या आसपास जाई. दिवसांचे काम काही तासांत होऊ लागले. परंतु मिठाचे पाणी आतड्यातून वाहताना नुसते वाहत नाही; त्यातील सोडियम व पाणी बऱ्याच प्रमाणात रक्तात शोषले जाते. रोग्याचे वजन एका दिवसात वाढे. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यास ही पद्धत धोक्याची होती, आणि हे प्रारंभापासूनच दिसत होते. या पद्धतीच्या दोषाला लपावयास जागाच नव्हती. वजनाचा काटा तो दाखवीत होता, आणि त्यामुळेच तिचा उपयोग मर्यादित राहिला.

मॅनिटॉलच्या बाबतीत असे घडले नाही. मॅनिटॉल ही न शोषली जाणारी गोड शर्करा. तिचे द्रावण प्यायल्यावर ती आतड्यात पाणी धरून ठेवते आणि वेगाने जुलाब होतात. नळी नको, दहा लिटर नकोत, चव गोड. सत्तरीच्या दशकात ही पद्धत लोकप्रिय झाली, आणि स्वच्छतेच्या कसोटीवर ती उतरतही होती. १९७९ मध्ये फ्रान्समधील बिगार, गोशे आणि लासाल यांनी ‘गॅस्ट्रोएंटेरॉलॉजी’ या नियतकालिकात एका घटनेचा वृत्तांत प्रसिद्ध केला. मॅनिटॉल घेतलेल्या एका रोग्याचा पॉलिप विजेने कापत असताना आतड्यात स्फोट झाला आणि रोगी दगावला. मॅनिटॉल मनुष्याच्या आतड्यास पचत नसले तरी तेथील जंतूंना पचते. ते आंबवून जंतू हायड्रोजन तयार करतात, आणि काही व्यक्तींत मिथेनही निर्माण होतो. हायड्रोजनचे प्रमाण चार टक्क्यांवर किंवा मिथेनचे पाच टक्क्यांवर गेले, आणि प्राणवायू उपलब्ध असला, की ठिणगीचाच काय तो अवकाश. मॅनिटॉलनंतर आतड्यात स्फोटक प्रमाणात हायड्रोजन सापडतो, हे १९८१ मध्ये ‘लॅन्सेट’मधील एका प्रबंधिकेने दाखविले.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. स्वच्छतेची तुलना डोळ्यांनी होत होती, आणि वायू डोळ्यांना दिसत नाही. आतडे लख्ख असताना ते धोकादायकही असू शकते, ही शक्यता तुलनेच्या आराखड्यातच बसत नव्हती. घटना एकच होती. परंतु तिच्यामागील कार्यकारणभाव इतका उघड होता की, अनेक देशांनी विद्युत्-कर्तनापूर्वी मॅनिटॉल देणे सोडून दिले. ब्राझीलमध्ये मात्र ते पुढेही दीर्घकाळ वापरात राहिले. वायू बाहेर काढून टाकण्याची व कार्बन डायऑक्साइड भरण्याची खबरदारी घेतली तर धोका टळतो, अशी तेथील भूमिका. ती निराधार म्हणता येत नाही.

स्फोटाच्या वृत्तांतानंतर वर्षभरातच, १९८० मध्ये, डॅलस येथील डेव्हिस, सांता आना, मोराव्स्की आणि फोर्डट्रन यांची प्रबंधिका प्रसिद्ध झाली. या क्षेत्रातील सर्वांत बुद्धिनिष्ठ काम कोणते असे विचारल्यास तिचेच नाव घ्यावे लागेल. जॉन फोर्डट्रन हे रेचकांचे अभ्यासक नव्हेत. आतडे पाणी व क्षार कसे शोषते, हा त्यांचा आयुष्यभराचा विषय. त्या संशोधनात पॉलिएथिलीन ग्लायकॉल हे द्रव्य केवळ खूण म्हणून वापरीत. ते मुळीच शोषले जात नसल्याने त्याची तीव्रता किती वाढली यावरून पाणी किती शोषले गेले याचा हिशेब करता येई. मोजमापाचे हे साधनच आता औषध झाले. सोडियमचे शोषण क्लोराइडच्या सोबतीने सुकर होते, हे त्यांना ठाऊक होते. म्हणून त्यांनी क्लोराइडची बरीचशी जागा सल्फेटला दिली. सल्फेट शोषले जात नाही, त्यामुळे सोडियमही मागे राहते. पॉलिएथिलीन ग्लायकॉलने द्रावणाचा परासरण दाब रक्ताइतका राखला. परिणामी चार लिटर द्रावण शरीरातून जसे आले तसे निघून जाते. शरीर त्यातून काही घेत नाही, त्यात काही घालीत नाही. जंतूंनाही ते आंबवता येत नाही. हेविट यांच्या पद्धतीतला वजनवाढीचा दोष आणि मॅनिटॉलचा वायूचा दोष, दोन्ही एकाच वेळी दूर झाले.

अमेरिकेत हे द्रावण १९८४ पासून ‘गोलायटली’ या नावाने अधिकृतपणे मिळू लागले. इंग्रजीत त्या नावाचा ध्वनी ‘हळुवार जा’ असा होतो. ज्यांनी ते प्यायले त्यांना हा विनोद कितपत रुचला असेल, हा प्रश्नच आहे. ऐंशीच्या दशकाच्या आरंभीच्या तुलनांत हे द्रावण जुन्या उपास-रेचक-एनिमा क्रमापेक्षा स्वच्छतेत सरस आणि रोग्यांना अधिक पसंत ठरले. ज्याच्याशी तुलना झाली तो क्रम तीन दिवसांचा होता, हे येथे विसरता कामा नये. तीन दिवसांच्या हालांपुढे एका संध्याकाळचे हाल कोणीही पत्करील. परंतु जुना क्रम विस्मृतीत गेल्यावर चार लिटर खारट, सल्फेटमुळे कुजकट वास येणारे पाणी हीच तक्रारीची बाब झाली. १९९० मध्ये फोर्डट्रन यांनीच सल्फेट वगळलेले द्रावण पुढे आणले. चव सुधारली, घनमान मात्र तेच राहिले. अनेक रोगी अर्ध्यावरच पिणे सोडून देत. आणि प्रयोगशाळेत निर्दोष ठरलेले द्रावण अर्धेच पोटात गेले, तर त्याच्या निर्दोषपणाचा उपयोग काय?

नेमक्या याच पोकळीत सोडियम फॉस्फेट आले. १९९० मध्ये कॅनडातील व्हॅनर व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याची गोलायटलीशी यदृच्छया विभाजित गटांत तुलना केली. पंचेचाळीस मिलिलिटरच्या दोन मात्रा आणि वर पाणी, एवढीच तयारी. स्वच्छता अधिक, त्रास कमी. फॉस्फेटचे द्रव्य नवे नव्हते. सौम्य रेचक म्हणून ते औषधांच्या दुकानात चिठ्ठीवाचून मिळत असे. पुढील काही वर्षांत अशा चाचण्यांची रांग लागली. १९९८ मध्ये ह्सू आणि इंपेरियाल यांनी त्या एकत्र करून हिशेब मांडला, आणि फॉस्फेट अधिक परिणामकारक, सुसह्य व स्वस्त असल्याचा निष्कर्ष काढला. २००० मध्ये त्याच्या गोळ्यांनाही अमेरिकेत मान्यता मिळाली. तुलनेच्या शास्त्राला अपेक्षित असलेले सर्व काही येथे झाले होते. गट यदृच्छया पाडले होते, चाचण्या अनेक होत्या, त्यांचे एकत्रीकरणही झाले होते. रक्तातील फॉस्फेट तात्पुरते वाढते, हेदेखील चाचण्यांत दिसले होते. ते लवकरच उतरते म्हणून त्यास महत्त्व दिले गेले नाही.

फॉस्फेटचा दोष ज्यांनी उघडकीस आणला ते कोलोनोस्कोपी करणारे डॉक्टर नव्हते. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात मूत्रपिंडाचे सूक्ष्म छेद तपासणारे ग्लेन मार्कोविट्झ व त्यांचे सहकारी यांनी २०००–२००४ या काळात आलेल्या ७३४९ छेदांची नोंद चाळली. त्यांत ३१ जणांच्या मूत्रपिंडांत कॅल्शियमचे थर आढळले, आणि त्यांपैकी २१ जणांचा पूर्ववृत्तांत सारखाच होता : रक्तातील कॅल्शियम प्राकृत, मूत्रपिंडे एकाएकी निकामी होऊ लागलेली, आणि नुकतीच फॉस्फेट घेऊन झालेली कोलोनोस्कोपी. रोगी बहुतांशी वयस्क होते, त्यांत स्त्रिया अधिक होत्या. अनेकांना रक्तदाबाचा विकार होता आणि त्यासाठी मूत्रपिंडाच्या रक्तप्रवाहावर परिणाम करणारी औषधे चालू होती. २००५ मध्ये हा वृत्तांत प्रसिद्ध झाला तेव्हा एकवीसपैकी चौघे कायमचे डायालिसिसवर गेले होते आणि उरलेल्या सतरा जणांची मूत्रपिंडे पूर्ववत झालेली नव्हती. यांतील बहुतेकांनी तपासणी केवळ खबरदारी म्हणून करवून घेतली असल्यास नवल नाही.

चाचण्यांनी हे का दाखविले नाही? पहिले कारण असे की, त्यांचा काळ तपासणीच्या टेबलापाशी संपत होता. मूत्रपिंडाचा विकार कधी दिवसांनी, कधी आठवड्यांनी उघडकीस येई. तोवर रोगी दुसऱ्याच डॉक्टरांच्या दारी गेलेला असे, आणि आतडे स्वच्छ करण्याच्या औषधाशी या आजाराचा संबंध जोडण्याचे कोणाच्या मनातही येत नसे. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. मूत्रपिंडाचा उघड विकार असलेल्यांना फॉस्फेटच्या चाचण्यांतून सुरक्षिततेसाठी वगळीत. ती दक्षता योग्यच होती. परंतु तिच्यामुळे चाचणीतील माणूस आणि प्रत्यक्ष औषध घेणारा माणूस यांत अंतर पडले. दुकानातून बाटली घेऊन जाणाऱ्या, रक्तदाबाची गोळी घेणाऱ्या, पाणी पुरेसे न पिणाऱ्या वृद्ध स्त्रीचे प्रतिनिधित्व कोणत्याही गटात झाले नव्हते.

न्याय्य दृष्टीने पाहता दुसरी बाजूही मांडली पाहिजे. सूक्ष्म छेदांच्या संग्रहातून छेद कळतो, आणि त्या औषधाचा प्रसार किती होता याचा आकडा त्यात नसतो. धोका नेमका किती, हे त्यावरून ठरविता येत नाही. नंतर झालेल्या मोठ्या समूहांच्या अभ्यासांचे निष्कर्ष परस्परांशी जुळले नाहीत. काहींत धोका वाढलेला आढळला, काहींत नाही. तरीही डिसेंबर २००८ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फॉस्फेटच्या गोळ्यांवर सर्वांत तीव्र स्वरूपाचा इशारा छापण्यास भाग पाडले, आणि चिठ्ठीवाचून मिळणारे द्रावण उत्पादकाने बाजारातून काढून घेतले. निर्णय समर्थनीय होता. तितकेच परिणामकारक आणि मूत्रपिंडास निरुपद्रवी असे दुसरे द्रव्य हाताशी असताना, थोड्या सोयीसाठी अल्प का होईना पण अपरिवर्तनीय हानी पत्करावयास कोणताही आधार उरत नाही.

या वादाच्या काळातच तुलनेची पट्टीही बदलत होती. पूर्वी आतड्याची स्वच्छता ‘उत्तम’, ‘चांगली’, ‘बरी’, ‘वाईट’ अशा शब्दांत नोंदवीत. एकाचे ‘चांगली’ ते दुसऱ्याचे ‘बरी’. एका चाचणीतील निष्कर्ष दुसरीशी ताडून पाहणे त्यामुळे अवघड होई. १९९९ मध्ये ॲरॉन्चिक, २००४ मध्ये ओटावा, आणि २००९ मध्ये बॉस्टन, अशा मापनश्रेणी एकामागून एक आल्या. यांपैकी बॉस्टनची श्रेणी विशेष उपयुक्त ठरली. तिने बृहदांत्राचे उजवा, मधला व डावा असे तीन भाग पाडून प्रत्येकास शून्य ते तीन गुण दिले, आणि गुण देण्याची वेळ डॉक्टरांनी दुर्बिणीतून पाणी सोडून भाग धुतल्यानंतरची ठेवली. प्रत्येक भागास किमान दोन गुण मिळाले तरच तयारी पुरेशी. एका भागाची घाण दुसऱ्या भागाच्या स्वच्छतेत लपवता येणे आता बंद झाले.

उजव्या भागाची वेगळी गणना होणे ही केवळ हिशेबाची बाब नव्हती. त्याच २००९ साली नॅन्सी बॅक्स्टर व सहकाऱ्यांनी कॅनडातील ऑन्टारिओ प्रांताच्या नोंदींवरून दाखविले की, कोलोनोस्कोपी झालेल्यांत डाव्या बाजूच्या कर्करोगाने होणारे मृत्यू पुष्कळ कमी होते. उजव्या बाजूच्या कर्करोगाच्या बाबतीत मात्र जवळपास काहीच फरक नव्हता. याची कारणे एकाहून अधिक असावीत. उजवीकडचे पॉलिप पुष्कळदा चपटे असतात, आणि दुर्बीण कधीकधी टोकापर्यंत पोचतच नाही. परंतु अस्वच्छता हे एक संभाव्य कारण होतेच. लघ्वांत्रातून येणारा पित्तमिश्रित द्रव प्रथम उजव्या भागातच पडतो. आदल्या संध्याकाळी कितीही निर्मळ केलेले आतडे रात्रभराच्या अवधीत तेथे पुन्हा चिकट, पिवळ्या थराने माखते, आणि चपटा पॉलिप त्याखाली सहज दडतो.

अर्थात औषध कोणते याहून ते केव्हा घेतले हे अधिक महत्त्वाचे असावे, असा विचार पुढे आला. १९९८ मध्येच क्लीव्हलँड येथील जेम्स चर्च यांनी हाच मुद्दा मांडला होता : द्रावण सकाळी, तपासणीच्या नजीक घेतलेल्यांची तयारी आदल्या संध्याकाळी घेतलेल्यांहून चांगली. पुढील चाचण्यांनी अर्धी मात्रा संध्याकाळी व अर्धी सकाळी, असा विभागणीचा क्रम तपासला, आणि द्रव्य कोणतेही असो, त्याची परिणामकारकता या क्रमाने वाढते असे दिसून आले. नवे रेणू शोधण्यात व त्यांची जाहिरात करण्यात जी शक्ती खर्च झाली, तिच्या मानाने घड्याळाकडे फारच कमी लक्ष गेले होते. यात आश्चर्य नाही. वेळापत्रकावर कोणास एकाधिकार मिळत नाही.

विभागलेल्या मात्रेस विरोध झाला तो दोन कारणांनी. भूल देणाऱ्या तज्ज्ञांना भीती होती की, सकाळी प्यालेले द्रावण जठरात राहून श्वासनलिकेत जाईल. जठरातील उरलेल्या द्रवाचे प्रत्यक्ष मोजमाप २०१० मध्ये प्रसिद्ध झाले, आणि दोन्ही क्रमांत ते सारखेच आढळले. दुसरी शंका रोग्याविषयी होती : पहाटे उठून द्रावण पिण्यास कोण तयार होईल? विचारून पाहिल्यावर बहुसंख्य रोग्यांची तयारी असल्याचे दिसले. २००९ च्या अमेरिकी मार्गदर्शिकेने विभागणीची शिफारस केली, आणि २०१४ मध्ये तेथील तीन संस्थांच्या संयुक्त कृतिगटाने ती अधिक नेमकी केली : दुसरी मात्रा तपासणीच्या चार ते सहा तास आधी सुरू करावी व किमान दोन तास आधी संपवावी; दुपारी तपासणी असल्यास संपूर्ण मात्रा त्याच दिवशी सकाळी घेतली तरी चालेल.

त्यानंतरही द्रव्ये येतच राहिली. ॲस्कॉर्बिक आम्ल घातलेली दोन लिटरची, पुढे एक लिटरचीही द्रावणे आली. २०२० मध्ये सल्फेटच्या गोळ्यांना अमेरिकेत मान्यता मिळाली. भारतातील रुग्णालयांत पॉलिएथिलीन ग्लायकॉलची पुडी पाण्यात कालवून देतात, आणि सोबत शहाळ्याचे पाणी किंवा गाळलेले सरबत घेण्यास सांगतात. विभागणीचा नियम मात्र औषधाच्या पुडीवर लिहिला म्हणजे पाळला गेला असे होत नाही. सकाळी आठची वेळ मिळालेल्या रोग्यास दुसरी मात्रा पहाटे तीनच्या सुमारास सुरू करावी लागते, आणि बाहेरगावाहून एस.टी.ने येणाऱ्यास त्याच तासांत प्रवासही करावा लागतो. दूरच्या रोग्यांना दुपारच्या वेळा द्याव्यात की जवळच्यांना, हे ठरविण्याचे काम आजही बहुधा नावनोंदणीच्या खिडकीशी बसलेल्या कारकुनाकडे असते.